मेलबर्नमधल्या छोट्या अँग्लिकन मुलींच्या शाळेबद्दल: आमचा सहा वर्षांचा अनुभव

तुमचा प्रश्न वाचला. नुकतेच मेलबर्नला आलात, मुलगी जानेवारीत सातवीत जाणार, आणि घराजवळच्या एका छोट्या अँग्लिकन (एका ख्रिस्ती पंथाच्या) मुलींच्या शाळेत जागा मिळते आहे. सासूबाईंना धर्माची काळजी, नवऱ्याला फीची, आणि तुम्हाला 'नुसत्या मुलींत राहून पुढे बाहेर कसं जमेल' याची. आमची लेक अशाच एका शाळेत सातवी ते बारावी शिकली. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. या तिन्ही काळज्यांपेक्षा शाळा छोटी आहे, याचा विचार जास्त करा. चांगलं काय अन् अवघड काय, आम्हाला जे भेटलं ते सगळं त्या छोटेपणातूनच आलं.

तरी धर्माचं सांगते, कारण घरात तो विषय निघणारच. या शाळा पूर्वी 'चर्च ऑफ इंग्लंड'च्या म्हणून ओळखल्या जायच्या. इथल्या चर्चचं नाव 'अँग्लिकन' झालं ते १९८१ मध्ये. मेलबर्नमधल्या मर्टन हॉलसारख्या (म्हणजे आताची मेलबर्न गर्ल्स ग्रामर) काही शाळा तर १८९३ पासूनच्या. प्रवेशासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही. आमच्याकडे आठवड्यातून एकदा चॅपल, म्हणजे शाळेतली प्रार्थना, असायची, अर्ध्या तासाची, आणि धर्मशिक्षणाचा तास. दोन्ही सगळ्यांना सक्तीचं. ते चालणार नसेल तर आत्ताच ठरवा, नंतर सूट मागत बसू नका. आमच्या चॅपलिन, म्हणजे शाळेच्या धर्मगुरू, बाई होत्या. इथे १९९२ पासून स्त्रियांना धर्मगुरू होता येतं, सिडनीच्या धर्मप्रांतात मात्र अजूनही नाही. म्हणजे 'अँग्लिकन' या एका शब्दावरून शाळेचं वळण कळत नाही. चॅपलिनना प्रत्यक्ष भेटा.

पहिल्या वर्षी चॅपलमधल्या प्रसादाच्या वेळेबद्दल लेकीने विचारलं होतं, "आई, सगळ्या रांगेत पुढे जातात तेव्हा मी काय करू?" मी फोन केला. चॅपलिन म्हणाल्या, हात छातीवर आडवे ठेवून आली तर मी प्रसाद देणार नाही, फक्त आशीर्वाद देईन. आणि बाकावर बसून राहिली तरी तिला कुणी काही विचारणार नाही. ती दोन वर्षं बसून राहिली. नंतर कधीतरी आपणहून हात आडवे ठेवून जायला लागली. घरी आल्यावर देवासमोर दिवा लावायचं काम तिचंच होतं, ते शेवटपर्यंत तिने सोडलं नाही.

नववीत धर्मशिक्षणाच्या प्रकल्पाला तिने पंडिता रमाबाई घेतल्या. १८८३ मध्ये रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर्सकडे राहिल्या. याच सिस्टर्सचं काम पुण्यात पंचहौदापाशीही होतं. रमाबाईंनी वाँटेजलाच बाप्तिस्मा घेतला, पुढे चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात शिकल्या आणि संस्कृतही शिकवलं. त्या ख्रिस्ती झाल्या, त्यामुळे सासूबाईंना हे उदाहरण पटणार नाही, मला कल्पना आहे. पण ज्यांच्या आश्रयाला राहिल्या त्याच सिस्टर जेराल्डिनशी त्यांनी त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धांतावरून पत्रांतून कडाडून वाद घातला, आणि कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, हे ठणकावून लिहिलं. लेकीने हे सगळं चॅपलिनसमोर उभं राहून वर्गात मांडलं. त्या बाईंनी तिला शाबासकी दिली आणि वर आणखी तीन अवघड प्रश्न विचारले. माझी काळजी त्या दिवशी मिटली.

आता छोटेपणाचं. तिच्या इयत्तेत पन्नासच्या आत मुली होत्या. आठवीत असताना एका दुपारी चारच्या सुमाराला मला गणिताच्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "आज तिसरा दिवस, ती मधल्या सुट्टीत डबा घेऊन लायब्ररीत जाते आणि न उघडता परत आणते." मी घरी जाऊन दप्तर उघडलं. पोळीची गुंडाळी सकाळी फॉइलमध्ये बांधली तशीच होती. आदल्या दोन दिवशी तिने डबा शाळेतच रिकामा केला होता, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. तिच्या शाळेतल्या बाईंना होता! हजार-दीड हजार मुलांच्या शाळेतही चांगले शिक्षक असतात, पण वर्गाबाहेर एका मुलीचा डबा तीन दिवस कुणाच्या ध्यानात राहणं तिथे कठीण.

मात्र तिचं बिनसलं होतं, तेही शाळा छोटी म्हणूनच. दोन मैत्रिणींशी फाटलं आणि दुसरा घोळका नव्हताच. मोठ्या शाळेत पोर दुसरीकडे जाऊन बसते. इथे त्याच दोघी गणितात, त्याच नेटबॉलला, त्याच बसमध्ये. ते पाच-सहा महिने आम्हाला फार जड गेले. बाईंनी तिला शाळेच्या नाटकात प्रकाशयोजनेला घेतलं, अकरावीच्या मुलींबरोबर. वरच्या इयत्तेतल्या मुलींशी ओळख होणं छोट्या शाळेत सोपं असतं, त्यातूनच ती सावरली. तुमची मुलगी भांडण झालं की आत मिटून घेणारी असेल, तर या गोष्टीचा नीट विचार करा.

दुसरी अडचण अकरावी-बारावीत, म्हणजे व्हीसीईला (इथल्या राज्याच्या बारावीच्या प्रमाणपत्राला) येते. स्पेशालिस्ट मॅथ्स, म्हणजे वरच्या पातळीचं गणित, घेणाऱ्या चारच मुली निघाल्या. शाळेने वर्ग चालवला, पण तास सकाळी सव्वासातला ठेवला, आणि फिजिक्सचे तास दुसऱ्या एका विषयाशी आपटत होते म्हणून तिला फिजिक्स सोडावं लागलं. आम्ही हे सातवीत विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारा. माहितीपत्रकात विषयांची यादी लांबलचक असते. गेल्या दोन वर्षांत त्यातले किती वर्ग खरोखर भरले, आणि कोणते विषय वेळापत्रकात एकमेकांवर येतात, ते लेखी मागा.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट आपल्या लोकांना लागू पडते. आठवीत अनेक जणी सरकारी निवडक शाळांची परीक्षा देतात, आणि जागा मिळाली की नववीला मॅक्रॉबर्टसन गर्ल्ससारख्या सरकारी शाळेत जातात. पन्नासातल्या काही जणी गेल्या तरी वर्ग बदलतो. तुमचाही तोच बेत असेल तर शाळा सोडण्याची नोटिस किती आधी द्यावी लागते ते करारात वाचा. बहुतेक ठिकाणी पूर्ण एक टर्म आधी, नाहीतर त्या टर्मची फी भरावी लागते.

फीचं थोडक्यात. वरच्या इयत्तांना वर्षाला तीस-चाळीस हजार डॉलर धरून चला, शिवाय परत न मिळणारं प्रवेशशुल्क, कॅम्प, लॅपटॉप, ब्लेझर. व्हिसा तात्पुरता असेल तर फी वेगळी असू शकते, ते आधी विचारा. 'माय स्कूल' या सरकारी संकेतस्थळावर शाळेची पटसंख्या, नॅपलान या देशभरच्या चाचणीचे निकाल आणि जमाखर्च दिसतो. निकाल बघताना त्याच पानावरचा पालकांच्या परिस्थितीचा आकडाही बघा. शिकलेल्या, पगारदार घरांतल्या मुली एकत्र केल्या की निकाल चांगले दिसणारच, त्यात मुलींची शाळा असण्याचं श्रेय किती हे सांगणं कठीण.

नुसत्या मुलींची काळजी मात्र सोडा. पोहण्याचा क्लब, चुलत-मावस भावंडं, गणपतीतली नाटकं, मुलगे आयुष्यात असतातच.

शाळा बघायला जाल तेव्हा ओपन डेला जाऊ नका, साधा कामाचा दिवस आणि मधल्या सुट्टीची वेळ मागून घ्या. आम्ही गेलो तेव्हा मुख्याध्यापिका आमच्याशी बोलता बोलता थांबल्या, बाकावर एकट्या बसलेल्या एका मुलीला नावाने हाक मारली आणि विचारलं, "आज व्हायोलिन कुठे विसरलीस?"