गणपतीत कळलं, शिमग्यापर्यंत थांबलात

भांडुपच्या एका वाचकाचं पत्र आहे. चिपळूण तालुक्यातल्या त्यांच्या गावी पूर अडवायला मातीचं छोटं धरण बांधलं. त्यात वडिलांच्या नावावरची भातजमीन आणि काजूची झाडं गेली. निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा भूसंपादन अधिकाऱ्याचा निर्णय, 12 डिसेंबर 2024 चा. वडील 2011 मध्ये वारले, पण सातबारावर नाव त्यांचंच राहिलं. नोटीस त्यांच्याच नावे निघाली आणि गावच्या बंद घराच्या दारावर डकवली गेली. हे सगळं वाचकांना कळलं गेल्या गणपतीत, चुलतभावाकडून. चुलत्यांनी आपल्या हिश्श्याचे पैसे उचललेत, यांचे जमा आहेत. मोबदला वाढवून मिळेल का, असं ते विचारतात.

चाकरमान्यांची अशी पत्रं दर वर्षी येतात, फक्त गाव आणि धरण बदलतं. मोबदला कसा कमी आहे हे सांगण्यात तुम्ही दीड पान घातलंत. ते नंतर पाहू. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 64 खालचा, म्हणजे मोबदला वाढवून मागण्याचा, अर्ज मुदतीत बसतो का, एवढंच आज महत्त्वाचं आहे. तो बसला नाही तर तुमच्या काजूला काय भाव होता हे कोणी विचारणारही नाही.

निवाड्याच्या वेळी तुम्ही किंवा तुमच्या वतीनं कोणी हजर असेल तर मुदत सहा आठवड्यांची. म्हणून पहिला प्रश्न: चुलत्यांना कधी मुखत्यारपत्र दिलं होतं का? दिलं असेल आणि ते त्या दिवशी प्रांत कार्यालयात बसले असतील, तर पुढचं गणित अवघड होईल. कोणीच हजर नसेल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातली जी मुदत आधी संपेल ती. मेलेल्या माणसाला नोटीस मिळत नाही, तेव्हा तुमच्यापुरते सहा महिने धरू. ते 12 जून 2025 ला संपले. त्यानंतर सबळ कारण दाखवलं तर आणखी एक वर्षापर्यंत अर्ज घेण्याचा अधिकार भूसंपादन अधिकाऱ्याला आहे, म्हणजे 12 जून 2026 पर्यंत. 1894 च्या जुन्या कायद्यात ही सवलत नव्हती. पण या सवलतीवर निश्चिंत होऊ नका. वर्ष मिळतंच असं नाही, कारण पटलं तरच मिळतं.

आता तुमचं कारण पाहू. गणपतीपर्यंत कळलं नाही, हे पटण्यासारखं आहे. अधिकारी विचारणार ते त्यापुढचं. चतुर्थी 27 ऑगस्टला होती, आज शिमगा तोंडावर आला. मधल्या काळात काय केलंत? पत्रात लिहिता, ‘सुट्टी मिळत नव्हती.’ हे अर्जात लिहू नका. निवाड्याची नक्कल कधी मागितली, कधी मिळाली, वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे कधी गेलात, हे तारखांसह लिहा. काहीच केलं नसेल तर नकलेचा अर्ज आजच्या आज द्या. खोटी तारीख मात्र घालू नका, आवक नोंदवहीत ती उघडी पडते.

आणखी एक आधार आहे. सर्वोच्च न्यायालयानं 1961 मध्ये राजा हरिश्चंद्र राज सिंग प्रकरणात म्हटलं की निवाड्याची तारीख म्हणजे तो संबंधिताला कळला किंवा कळवला गेला ती तारीख. तो निर्णय जुन्या कायद्यावरचा आहे, पण शब्दरचना जवळपास तीच असल्यानं अर्जात जरूर मांडा. मात्र तसं मोजलं तरी गणपतीपासूनचे सहा महिने फेब्रुवारीअखेर भरतात. चुलतभावानं तोंडी सांगितलं म्हणजे निवाड्याचा तपशील कळला असं होत नाही, असा युक्तिवाद करता येतो. पण युक्तिवादावर विसंबून आणखी महिनाभर घालवण्यात शहाणपणा नाही. दादरहून मध्यरात्री तुतारी एक्सप्रेस सुटते, पहाटे चिपळूण येतं.

वारस दाखल्यासाठी थांबू नका. मुंबई विनियम 8, 1827 खालचा दाखला दिवाणी न्यायालयातून काढायचा तर जाहीर नोटीस, हरकती आणि तारखांत महिने जातात, आणि न्यायालयाला तुमच्या मुदतीची फिकीर नसते. मृत्यू दाखला आणि वारसांची यादी प्रतिज्ञापत्रावर जोडून अर्ज दाखल करा, दाखला मागाहून द्या. वारसाहक्कानं जमीन आली की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 149 सांगतं. तुम्ही तेरा वर्षं कळवलं नाहीत. ते केलं असतं तर नोटीस तुमच्या नावानं निघाली असती.

जमा रक्कम उचलायला हरकत नाही, पण पावतीवर ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे निषेध नोंदवून घेतले, असं लिहूनच. त्याशिवाय पैसे घेणाऱ्याला कलम 64 चा अर्जच करता येत नाही. चुलत्यांची पावती पाहा, तिथे हे राहिलं असणार.

त्यांच्यासाठी, आणि तुमचा अर्ज मुदतीवर फेटाळला गेला तर तुमच्यासाठीही, कलम 73 आहे. कलम 64 चे अर्ज ज्याच्यापुढे चालतात त्या प्राधिकरणानं त्याच भूसंपादन अधिसूचनेतल्या दुसऱ्या कोणाला वाढीव मोबदला दिला, तर त्या निर्णयापासून तीन महिन्यांत तेवढाच मागता येतो. जुन्या कायद्यातल्या याच धर्तीच्या कलम 28-अ बद्दल हन्सोली देवी प्रकरणात घटनापीठानं 2002 मध्ये ठरवलं की निषेध न नोंदवता पैसे घेतलेले, किंवा ज्यांचा अर्ज उशिरासाठी फेटाळला गेला ते, असा अर्ज करू शकतात. त्यामुळे गावात कोणाचा अर्ज चालू आहे याची खबर ठेवा.

किती वाढ मिळेल ते कागद न पाहता सांगणार नाही. संयुक्त मोजणीचं पत्रक काढून त्यात काजूची झाडं मोजलीत का पाहा. धरण भरलं की उरलेल्या तुकड्याची वाट पाण्याखाली जात असेल, तर जमीन तुटल्याच्या नुकसानीची मागणीही याच अर्जात घाला. कागद निवाडा नसून थेट खरेदीचं खत निघालं, तर यातलं काहीच लागू पडणार नाही.

भरावातून पाणी झिरपतं असंही लिहिलंत. 2 जुलै 2019 च्या रात्री तुमच्याच तालुक्यात तिवरे धरण फुटलं, त्यामुळे ती भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण त्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे फोटोंसह वेगळी करा, या अर्जात मिसळू नका. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.