दुसरं व्हायोलिन कोण वाजवणार?

प्रश्न: आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलगी नववीत आहे. सात वर्षं व्हायोलिन शिकते, मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आहे. गेल्या वर्षापासून मात्र तिला विवाल्डी, बाख आणि मेंडेल्सन या युरोपीय संगीतकारांचंच वेड लागलं आहे. सगळं व्हिडिओ बघून बसवते. बाखचा एक तुकडा आधी मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि तो लावून त्याच्यावर पुन्हा वाजवत बसते, रात्री दहापर्यंत तेच. गुरुजी नाराज आहेत. तिचे बाबा म्हणतात, सायन्स घे, व्हायोलिन छंद म्हणून राहू दे. तिला यातच करिअर करायचं आहे. आम्ही काय करावं?

उत्तर:

ताई, ते रेकॉर्डिंगचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत. मी ते तीनदा वाचलं, कारण तुमच्या मुलीबद्दल सगळ्यात जास्त तेच सांगतं.

ती वाजवते तो बहुधा बाखचा डी मायनर या स्वरपट्टीतला दोन व्हायोलिनांचा कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीनं वाजवायची रचना, असावा. त्यात सुरुवातीचा मान दुसऱ्या व्हायोलिनला आहे. ते मुख्य ओळ मांडतं, चार बार (तालाची छोटी आवर्तनं) झाले की पहिलं व्हायोलिन तीच ओळ पंचमावरून उचलतं, आणि तिथून दोघांची जी गुंफण सुरू होते ती शेवटपर्यंत सुटत नाही. संथ भागातही आधी दुसरंच बोलतं. एकानं स्वर लांबवला की दुसरा हलतो. दोन्ही हात कितीही तयार असले तरी हे एकट्यानं वाजत नाही. तुमची मुलगी स्वतःचीच जोडीदार होऊन ते वाजवते आहे. ही पोर जोडीदार शोधते आहे, ताई.

तिच्या आवडीचे तिन्ही संगीतकार मला वेगवेगळं काही सांगतात. विवाल्डीचा ए मायनर कॉन्चेर्टो (1711 साली छापलेला) शिकणाऱ्या बहुतेक मुलांचा लाडका असतो. हात थोडा तयार झाला की तो वाजतो आणि वाजवणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं, आता मी खरं व्हायोलिन वाजवतोय. ती आवड जवळपास सगळ्यांचीच, त्यावरून करिअर ठरवू नका. (तिच्या बाबांना मात्र हे जरूर सांगा: विवाल्डी व्हेनिसच्या एका अनाथाश्रमात मुलींना व्हायोलिन शिकवायचा आणि त्या मुलींचा वाद्यवृंद ऐकायला लांबून लोक येत.) मेंडेल्सनचा ई मायनर कॉन्चेर्टो, 1845 साली पहिल्यांदा वाजलेला, हे प्रत्येकाचं स्वप्न असतं. ती आज त्यातल्या सुरुवातीच्या ओळी वाजवत असेल, पूर्ण तुकडा अजून काही वर्षं लांब आहे. घाईनं बसवला तर हातात चुका बसतात आणि त्या काढायला बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. बाखची गोष्ट वेगळी. कुणी ऐकत नसताना, टाळीची आशा नसताना, रात्री दहाला जे वाजवलं जातं, त्याकडे मी मार्गदर्शक म्हणून लक्ष देतो.

आपल्याकडे व्हायोलिन म्हटलं की एकल मैफल डोळ्यांपुढे येते, नाहीतर गायकाच्या मागची साथ. पाश्चात्त्य संगीतात या वाद्याचं बहुतेक काम समूहात असतं: ऑर्केस्ट्रा, चौघांचा क्वार्टेट, रेकॉर्डिंग. तुमच्या मुलीचा ओढा तिकडे दिसतो. पण तिथली दारं किती उघडी आहेत ते स्पष्ट सांगायला हवं. भारतात पूर्णवेळ व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्रा म्हणावा असा एकच, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातला, 2006 साली सुरू झालेला, आणि त्यातही अनेक वादक परदेशी आहेत. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला पूर्वी व्हायोलिनांच्या रांगा बसत. कीबोर्ड आले आणि त्या रांगा आटल्या. पुण्या-मुंबईत, बेंगळुरूत शिकवण्याचं काम मिळतं आणि अनेकांचं घर त्यावरच चालतं. शिकवणं हा या व्यवसायाचा कणा आहे, ते कमीपणाचं मानू नका. आपल्या वाईत जन्मलेले पंडित व्ही. जी. जोग यांनी लखनौच्या भातखंडे कॉलेजात शिकवलं, आकाशवाणीत नोकरी केली आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबर जुगलबंद्याही गाजवल्या.

आता खरी अडचण. ती व्हिडिओ बघून बसवते म्हणजे कानानं बसवते. कान उत्तम आहे, तो सात वर्षांच्या रियाजानं आणि तंबोऱ्यानं घडवला. पण समूहातलं काम कागदावर चालतं. समोर पान ठेवतात आणि पहिल्याच फेरीत वाजवावं लागतं. साताऱ्याचा एक मुलगा माझ्याकडे यायचा, हात विलक्षण तयार. पुण्यात एका छोट्या वाद्यवृंदात गेला आणि पहिल्याच तालमीत गप्प बसून राहिला, कारण स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येत नव्हतं. वर्षभर रोज अर्धा तास पहिलीच्या पोरासारखं वाचन केलं, मग जमलं. तुमच्या मुलीपुढे न ऐकलेली एक सोपी ओळ ठेवून बघा. अडखळली तर मेंडेल्सन बाजूला ठेवून आधी वाचन. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या परीक्षांत सहाव्या ग्रेडच्या प्रात्यक्षिकाला बसण्याआधी पाचव्या ग्रेडची थिअरी मागतात, ती याचसाठी. परदेशी प्रवेशाच्या चाचणीतही साधारणपणे बाखच्या एकल रचनेतला भाग, एखादा अभ्यासाचा तुकडा आणि कॉन्चेर्टोचा एक भाग मागतात. ही सगळी तयारी पंधराव्या वर्षी सुरू झाली तरी उशीर झालेला नाही, पण आणखी लांबवू नका.

गुरुजींच्या नाराजीमागे कारण आहे. आपण मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून, तारा सा-प मध्ये लावून वाजवतो. तिकडे व्हायोलिन खांद्यावर धरून, उभं राहून किंवा खुर्चीवर बसून, तारा जी-डी-ए-ई या स्वरांत लावून. एकच वाद्य रोज इकडून तिकडे लावलं की तारा सुरात राहत नाहीत आणि डाव्या हाताचा अंदाजही बिघडतो. दुसरं साधं व्हायोलिन घ्या, एवढा खर्च कराच. आणि तिला गुरुजींसमोर बाख वाजवायला लावा. त्यांनी तो बहुधा तिच्या हातून नीट ऐकलेलाच नसेल. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) आणि गायकी अंग (गळ्यासारखं वाजवणं) सोडायला मी अजिबात सांगणार नाही. विशारद परीक्षेपर्यंत जाऊ द्या. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, मुदत आताच विचारून ठेवा.

सायन्सबद्दल: तिला भौतिकशास्त्र मनापासून आवडत असेल तर खुशाल घ्यावं. 'सुरक्षित' म्हणून घेऊन वर 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा क्लास लावला, तर रोजचे तीन तास कुठून येणार? त्यापेक्षा आर्ट्स किंवा कॉमर्स, बारावीला चांगले गुण, आणि हात चालू. तिच्या बाबांना बारावीपर्यंतची मुदत मागा. तोवर ती स्वरलिपी वाचायला शिकली आणि कुणाबरोबर तरी वाजवू लागली, तर पुन्हा बसून बोलू. झालं नाही तरी पदवीचा रस्ता मोकळाच आहे.

जोडीदार शोधायचं काम मात्र तुमचं, ताई. गुरुजींच्या वर्गात एखादा वरचा विद्यार्थी असेल. मिरजेत सतारमेकर गल्लीत विचारा, तिथल्या वाद्य बनवणाऱ्यांना प्रत्येक वाजवणारा ठाऊक असतो. सुट्टीत महिन्यातून दोन रविवार पुणं झालं तरी चालेल. तिला आधी दुसऱ्या व्हायोलिनचा भाग द्या, शिकायला तोच आधी घेतात. पहिल्याचा भाग समोरच्याला. पुढच्या पत्रात मला तो समोरचा कोण एवढं कळवा.