वाचकांचे प्रश्न : स्वतंत्र कॉमिक्स कोणती आणि कशी वाचावीत?

स्वतंत्र कॉमिक्स आणि चित्रकादंबऱ्या यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. काही पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत आली होती. अशी पत्रे एकत्र केली आहेत.

‘स्वतंत्र कॉमिक’ हा शब्द सध्या सर्रास वापरला जातो. मोठ्या प्रकाशन संस्थेने काढलेल्या पुस्तकाला स्वतंत्र कसे म्हणता येईल?
— एक वाचक, ठाणे

प्रकाशक लहान आहे की मोठा, हे पाहण्याआधी पानावर हक्क कोणाचा आहे हे विचारावे, असे माझे मत आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले आणि आपणच घडवलेल्या नायकाचे पुढे काय व्हावे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्या हातून कायमचा गेला. अमेरिकेतील कॉमिक्सचा मोठा व्यवसाय पुढे अनेक दशके याच रीतीने चालला. एकाने लिहायचे, दुसऱ्याने पेन्सिलीने काढायचे, तिसऱ्याने त्यावर शाई चढवायची आणि पात्र मात्र कंपनीच्या मालकीचे, असा तो शिरस्ता होता. हा शिरस्ता ज्यांना मान्य नव्हता, त्यांनी स्वतःची वाट काढली. फ्रान्समध्ये १९९० साली काही चित्रकारांनी एकत्र येऊन ‘लासोसिआसिओं’ ही आपली प्रकाशन संस्था उभी केली आणि मार्जान सत्रापी यांचे इराणमधील बालपणावरचे ‘पर्सेपोलिस’ २००० सालापासून तिथूनच खंडाखंडाने प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे परिस्थिती निराळी आहे. कॉमिक्स विकणाऱ्या खास दुकानांचे जाळे भारतात कधीच नव्हते, त्यामुळे अनेक चित्रकारांना मोठ्या प्रकाशकाकडे जावे लागले. अमृता पाटील यांची ‘कारी’ २००८ साली हार्परकॉलिन्सने काढली. तरीही शब्द आणि चित्र दोन्ही एकाच हातातून उतरलेले ते पुस्तक मी निःसंशय स्वतंत्र मानतो. गोव्यात वाढलेल्या आणि तिथल्याच कला महाविद्यालयात शिकलेल्या या चित्रकर्तीने धुराने भरलेले एक महानगर काळ्या-करड्या रंगांत उभे केले आहे. सुरुवातीलाच एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन तरुणी इमारतींवरून उडी घेतात; एकीला जाळी झेलते, दुसरी गटारात पडून वाचते आणि त्या गटारातून वर आलेल्या मुलीची ही गोष्ट आहे. करड्या पानांमध्ये रंग क्वचितच येतो, आणि येतो तेव्हा तो का आला आहे हे वाचकाला थांबून पाहावे लागते. प्रौढ वाचकाने भारतीय चित्रकादंबऱ्यांची सुरुवात या पुस्तकाने करावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

मी नववी-दहावीच्या वर्गांना शिकवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरचे एखादे चांगले कॉमिक वर्गात वाचायला घेण्याचा विचार आहे. ‘भीमायन’ची चित्रे मात्र मुलांना अवघड वाटतील, असे सहकारी म्हणतात. आपले मत कळवावे.
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

ते पुस्तक अवश्य घ्यावे, आणि सातारा जिल्ह्यात तर आधी घ्यावे. भीमराव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, म्हणून तो दिवस आपल्याकडे विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो; आणि ‘भीमायन’चा पहिला भाग त्याच शाळेतल्या तहानेपासून सुरू होतो. शाळेतल्या शिपायाने वरून पाणी ओतले तरच प्यायचे, तो नसेल तर तहानलेले राहायचे; आणि पुढे वडिलांना भेटायला निघालेली भावंडे मसूर स्टेशनावर उतरतात, तेव्हा त्यांची जात कळताच गाडीवान मिळेनासा होतो. दुप्पट भाडे घेऊनही गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशा अटीवर तो प्रवास होतो. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलेला हा प्रसंग तुमच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीच्या गावांमधून जातो.

आता चित्रांविषयी. मध्य प्रदेशातील परधान गोंड परंपरेतील दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी ही चित्रे काढली आहेत. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा असून, ‘नवयान’ने २०११ साली पुस्तक प्रसिद्ध केले. चौकोनी चौकटींत माणसांना कोंडायला या दोघा चित्रकारांनी नकार दिला. गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढली जाणारी ‘दिग्ना’ ही नक्षी त्यांनी पानावर वळणावळणाने सोडली आणि तिनेच प्रसंग एकमेकांपासून वेगळे केले. त्यामुळे डावीकडून उजवीकडे चौकटी मोजत जाणाऱ्या डोळ्याला पहिली दोन-चार पाने अडखळल्यासारखे होते, हे तुमच्या सहकाऱ्यांचे निरीक्षण बरोबर आहे. पण मुले हे वळण मोठ्यांपेक्षा लवकर आत्मसात करतात, विशेषतः त्यांना संवादाचे फुगे आधी दाखवले तर. ज्याचे बोलणे मृदू आहे, त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे. ज्याच्या शब्दांत विष आहे, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. आणि मनातल्या विचाराच्या फुग्यात एक डोळा काढला आहे. वर्गात मजकूर झाकून केवळ फुग्यांचे आकार दाखवावेत आणि या पानावर कोण कोणाला दुखावत आहे, हे मुलांना विचारावे. मूळ पुस्तक इंग्रजीत असल्याची अडचण या एका गोष्टीमुळे बरीच कमी होते, कारण अपमान कोणी केला हे भाषा न कळताही दिसते.

एक सूचना करावीशी वाटते. गोष्टीच्या भोवती आजच्या काळातल्या दोन माणसांचे बसथांब्यावरचे संभाषण गुंफले आहे. त्यातला तरुण आरक्षणावर चिडलेला आहे, आणि मध्ये मध्ये अलीकडच्या जातीय अत्याचारांच्या बातम्या येतात. तो भाग गाळू नये. मात्र वर्गात नेण्यापूर्वी आपण एकदा संपूर्ण वाचून, कोणत्या पानावर थांबून बोलायचे हे ठरवून घ्यावे.

हे पुस्तक रुजले तर पुढचे वाचन म्हणून श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांचे ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ ठेवावे. तेही २०११ सालचे आणि ‘नवयान’चेच आहे. महात्मा फुले यांच्या १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’चे ते कृष्णधवल चित्ररूप आहे. जोतीराव आणि धोंडिबा यांच्या सवाल-जवाबांतून चालणारा तो ग्रंथ मुळातच संवादाचा असल्यामुळे कॉमिकच्या फुग्यांत तो कुठेही ओढूनताणून बसवल्यासारखा वाटत नाही. मजकूर तिखट आहे, म्हणून तो दहावीनंतरच द्यावा.

माझ्या दहा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र कॉमिक्सची गोडी लागावी असे वाटते, पण काळी-पांढरी पाने पाहून तो पुस्तक मिटतो. ही मंडळी रंग का वापरत नाहीत?
— एक पालक, नाशिक

पहिले कारण पैशाचे आहे. रंगीत छपाईला चार रंगांच्या चार प्लेट लागतात आणि थोड्या प्रतींवर तो खर्च विभागला की किंमत वाचकाच्या आवाक्याबाहेर जाते. केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी १९८४ साली नातेवाइकाकडून उसने पैसे घेऊन निन्जा कासवांचा पहिला अंक काढला, तोही कृष्णधवलच होता आणि त्याच्या सुमारे ३,००० प्रती निघाल्या होत्या. मात्र सवयीने या अडचणीतूनच एक कसब तयार झाले आणि आता पैसे असूनही केवळ शाईने काम करणारे चित्रकार पुष्कळ आहेत.

तुमच्या मुलाला जेफ स्मिथ यांचे ‘बोन’ द्यावे. गावातून हाकलले गेलेले तीन चुलतभाऊ एका अनोळखी खोऱ्यात येतात, तिथे त्यांना थॉर्न नावाची मुलगी आणि गायींशी शर्यत लावणारी तिची दणकट आजी भेटते, आणि हसतखेळत सुरू झालेली गोष्ट हळूहळू मोठ्या युद्धाकडे सरकते. स्मिथ यांनी १९९१ ते २००४ या काळात ५५ अंकांत ही कथा सांगितली, त्यांतले बहुतेक अंक स्वतः प्रकाशित केले, आणि त्यासाठी काढलेल्या छोट्या संस्थेचा व्यवहार त्यांच्या पत्नी विजया अय्यर यांनी सांभाळला. मूळ पाने कृष्णधवल आहेत, पण २००५ पासून रंगीत आवृत्तीही निघाली आहे. तुम्ही रंगीत पहिला भाग घ्यावा. मुलगा गोष्टीत गुंतल्यावर त्याच्यासमोर मूळ पान ठेवावे. बर्फातला पाठलाग रंगाशिवाय किती थंड दिसतो, हे त्याचे त्यालाच कळेल.

नर्मदेच्या धरणावर एक चित्रकादंबरी आहे असे ऐकले. आमच्या भागाशी तिचा संबंध आहे का? ती वाचण्याजोगी आहे का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, शहादा

ती ओरिजित सेन यांची ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’. १९९४ साली ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरणविषयक गटाने ती प्रकाशित केली आणि भारतातील पहिली चित्रकादंबरी म्हणून बहुधा तिचाच उल्लेख होतो. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी भागांतील ३३ गावे येत होती. नंदुरबार जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता, ती सारी धुळे जिल्ह्यात मोडत असत. पुस्तकात धरणाला ‘रेवासागर’ असे कल्पित नाव दिले आहे, त्यामुळे तुमच्या ओळखीचे गाव नकाशावर बोट ठेवून सापडणार नाही. पण गावसभा, सर्वेक्षणासाठी आलेली माणसे आणि घर सोडून शहरात राबायला गेलेली बाई हे सारे तुम्हाला परके वाटणार नाही.

कथेचे दोन पदर आहेत. एकीकडे विष्णू नावाचा शहरी पत्रकार आंदोलनाची बातमी करायला निघतो, आणि दुसरीकडे मलगू गायन हा गायक जगाच्या आणि नदीच्या जन्माची गाथा गातो. बातमीच्या पानांमधून अचानक गाथेच्या पानावर आलो की धरणाच्या वादात जे कधीच मोजले जात नाही, ते समोर उभे राहते, आणि माझ्या दृष्टीने या पुस्तकाचे खरे बळ तेच आहे. शहरातल्या उच्चभ्रू पात्रांची चित्रे काही ठिकाणी व्यंगचित्राकडे झुकतात, तेवढा भाग मला कमी रुचला. पुस्तक अनेक वर्षे दुर्मीळ होते. चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ने २०२२ साली ते पुन्हा छापले आहे, तेव्हा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला लेखी मागणी करावी.

दुर्मीळ कॉमिक्सच्या स्कॅन केलेल्या प्रती मित्रांमध्ये फिरतात. त्या वाचाव्यात का?
— एक वाचक, कोल्हापूर

पुस्तक बाजारात मिळत असेल तर वाचू नयेत. थोड्या प्रतींच्या छपाईत दोनशे वाचकांनी प्रत विकत घेतली की नाही, यावर पुढचे पुस्तक निघणे अवलंबून असते. परवडत नसल्यास चार मित्रांनी मिळून एक प्रत घ्यावी.

मला मालवणी माणसांवर मराठीत स्वतःचे कॉमिक काढायचे आहे. प्रकाशक नाही आणि पैसेही बेताचे आहेत. सुरुवात कशी करावी?
— चित्रकलेचा एक विद्यार्थी, कुडाळ

सोळा पानांपासून करावी. ए-चार आकाराचे चार कागद दोन्ही बाजूंनी छापून मधोमध दुमडले आणि घडीवर दोन पिना मारल्या की सोळा पानांची पुस्तिका होते. पानांची संख्या मात्र नेहमी चारच्या पटीत ठेवावी. मूळ चित्र ए-चार आकारात काढून ते सुमारे ७१ टक्क्यांपर्यंत लहान करून छापावे. लहान करताना केसासारख्या बारीक रेषा नाहीशा होतात आणि पेन्सिलीची करडी छटा झेरॉक्समध्ये मातकट दिसते, म्हणून सावली शाईच्या आडव्या-उभ्या रेघांनीच द्यावी.

मराठी कॉमिकमध्ये सर्वांत जास्त हेळसांड होते ती अक्षरांची. इंग्रजी कॉमिकमधली अक्षरे बहुधा एकाच उंचीची असल्याने ओळी एकमेकींना चिकटून बसतात. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात, त्यामुळे तेवढ्याच फुग्यात ओळी कमी मावतात. आणि हे लक्षात न घेता चित्र आधी पुरे केले, तर शेवटी फुगा पात्राच्या डोक्यावर चढतो. म्हणून चौकट आखल्यावर आधी पेन्सिलीने शिरोरेषा ओढाव्यात, अक्षरे त्यांना टांगून लिहावीत, मग त्यांच्याभोवती फुगा काढावा आणि उरलेल्या जागेत माणसे बसवावीत. जो आधी बोलतो त्याला शक्यतो डावीकडे ठेवावे. मालवणी बोलणे तोडून लहान करू नये. लांब वाक्य असेल तर त्याचे दोन फुगे करावेत.

विषयासाठी लांब जाण्याची गरज नाही. वर उल्लेखलेल्या ओरिजित सेन यांनी गोवा विद्यापीठात मारिओ मिरांडा अध्यासनावर अभ्यागत प्राध्यापक असताना विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन म्हापशाच्या बाजाराचा चित्रांतून अभ्यास केला. कुडाळच्या आठवडी बाजारात तुम्हीही तसेच बसावे आणि एकाच विक्रेत्याची गोष्ट सोळा पानांत सांगावी. मासे विकणारी बाई नोटा कुठे खोचते, पारडे कोणत्या बोटाने सावरते आणि गिऱ्हाईक पाठ फिरवून निघाले की त्याला कसे परत बोलावते, हे पाहून वहीत टिपल्याशिवाय पहिली चौकट आखू नये. पन्नास प्रती छापाव्यात, त्यांतली एक त्या बाईला द्यावी आणि एक आमच्याकडे पाठवावी.