टाळी वाजवायची कधी? आणि वाचकांचे आणखी काही प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की मी शास्त्रीय, गरबा, रॉक, सिंफनी सगळीकडे तिकीट काढून जाते आणि सगळीकडे एकदा तरी फजिती करून घेतलीये, तर त्यावर बडोद्यातूनच एवढे प्रश्न आलेत की बाकीचे विषय यावेळी बाजूला ठेवले.

प्रश्न : ताई, मी 26 वर्षांचा, मांजलपूरला राहतो. होणाऱ्या सासऱ्यांना शास्त्रीय संगीताचं भारी वेड आहे. त्यांच्याबरोबर मैफिलीला गेलो होतो, गायिकेने पहिली मोठी तान घेतली आणि मी जोरात टाळ्या वाजवल्या. हॉलमध्ये मी एकटाच. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, बोलले काही नाहीत. पुढच्या रविवारी परत जायचंय. टाळी नेमकी कधी वाजवायची?

नुसता चष्माच पुसला ना, मग लग्न मोडलेलं नाही, घाबरू नकोस.

हे बघ, बडा ख्याल, म्हणजे रागातलं ते संथ मोठं गाणं, बहुतेक वेळा विलंबित एकतालात असतो, 12 मात्रा म्हणजे 12 ठोके, आणि लय इतकी संथ की एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, फिरून यायला अर्धं-पाऊण मिनिटसुद्धा लागतं, म्हणजे तान कितीही जोरदार असली तरी ती समेवर, म्हणजे फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर, येऊन पडेपर्यंत काम अर्धवटच असतं, आणि तू त्या अर्धवट कामावर टाळी दिलीस. तालाचं काही कळत नसेल तर तबलजीकडे बघू नको, पुढच्या दोन रांगांतल्या म्हाताऱ्यांकडे बघ. दांडिया बाजारातल्या कुठल्याही मैफिलीत असे चार-पाच आजोबा असतातच, उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर मोजत बसलेले, आणि सम जवळ आली की त्यांच्या माना थोड्या वर होतात, मग एकदम सगळ्या एकत्र खाली येतात. तिथे ‘वाह’ म्हणायचं, हळू. टाळ्या राग संपल्यावर. मध्येच एखादी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं, अशी चपखल बसते की आख्खा हॉल टाळ्या वाजवतो, तिथे तूपण वाजव, एकट्याने सुरुवात करू नको एवढंच.

आपल्या गावात फैयाजखाँसाहेब होते, आग्रा घराण्याचे मोठे गवई, त्यामुळे इथल्या जुन्या लोकांना नोमतोमच्या आलापीची सवय आहे, ‘नोम’, ‘तोम’ अशा अर्थ नसलेल्या अक्षरांवरची, ती तबल्याशिवाय बराच वेळ चालते. माझे आजोबा म्हणायचे, नोमतोम चालू असताना टाळी वाजवणारा म्हणजे आरतीआधी प्रसाद मागणारा. खाँसाहेब 1950 साली गेले, आजोबांनी त्यांना ऐकलेलं आणि पुढची तीस-चाळीस वर्षं ते आम्हाला बाकी कोणाचं ऐकूच देईनात, तो एक वेगळाच त्रास.

रविवारच्या आधी सराव करायचा असेल तर सुरसागरच्या काठावर युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे ना, म्हणजे मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या काळात 1886 ला काढलेली गायनशाळा, तीच पुढे वाढत वाढत ही झाली, तिथे विद्यार्थ्यांचा कार्यक्रम असेल तर जाऊन बस. मुलंही घाबरलेली असतात, तूही.

आणि एकट्याने टाळी वाजवण्यात मी तुझी थोरली बहीण आहे. मुंबईला एनसीपीएत, म्हणजे नरिमन पॉइंटच्या त्या मोठ्या नाट्य-संगीत केंद्रात, पहिल्यांदा सिंफनी ऐकायला गेले, इथून रेल्वेने 392 किलोमीटर, पहिला भाग संपला, वाद्यं थांबली, मी टाळ्या सुरू केल्या. शेजारच्या पारशी आजोबांनी माझ्याकडे न बघताच माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. नुसती ठेवली, दाबली पण नाहीत. सिंफनीत साधारण चार भाग असतात आणि टाळ्या थेट शेवटी, मधल्या शांततेत लोक फक्त खोकून घेतात. आपल्याकडे न बोलता बसलात तर गवयाला वाटतं रंगत नाहीये, तिकडे बोललात तर बाहेर काढतील.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, रावपुऱ्यात राहते. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो गरबा म्हणजे लाइव्ह कॉन्सर्ट नाही, नुसता नाच. त्याला काय उत्तर देऊ?

त्याला नवरात्रात बोलाव आणि अनवाणी मैदानात सोड, उत्तर द्यायची गरजच नाही.

पण खरंच सांगते, इतकी अवघड लाइव्ह मैफल दुसरी नसेल. गायक आणि वादक मध्ये, भोवती हजारो माणसं गोल गोल फिरतायत, हींच हा गरब्याचा ताल चालू आहे, 6 मात्रांचा, मग केहरवा ताल, आणि गाणं तासन्‌तास तुटत नाही. त्यात श्रोताच वादक आहे, कारण बे ताळी म्हणजे दोन टाळ्यांचा गरबा असो की त्रण ताळी म्हणजे तीन टाळ्यांचा, टाळी आपणच द्यायची. आता गंमत बघ. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे स्टेजपासून 100 मीटर लांबच्या रिंगणात ढोलाची थाप पाव सेकंदापेक्षा जास्त उशिरा पोचते, आणि गरबा चढलेला असताना तेवढ्यात अर्धी मात्रा निसटते. म्हणून मैदानभर स्पीकर लावावे लागतात, आणि साउंडवाल्याने नीट हिशेब केला नसेल तर बाहेरच्या रिंगणात कानावर एक थाप स्टेजची नि एक स्पीकरची येते आणि पाय कोणाचं ऐकू म्हणून गोंधळतात. मी अशा वेळी कान बंदच करते, पुढच्या बाईच्या टाचा बघते. एका वर्षी समोर एक काकू होत्या, साठीच्या, जांभळी चणिया, टाचांना भेगा आणि त्यात लाल माती, काय पडत होती पावलं त्यांची! गायकाचं तोंड मी त्या रात्री पाहिलंसुद्धा नाही.

तक्रार एकच. एका मोठ्या आयोजकाने (नाव घेत नाही) पासचे भरपूर पैसे घेऊन मैदानातले खडे काही वेचले नव्हते, दसऱ्यापर्यंत मी लंगडत होते.

प्रश्न : कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशीपर्यंत कानात शिट्टी वाजते. कापूस घातला होता तरी. वय 34.

कापसाने फार काही होत नाही हो. 85 डेसिबलचा आवाज कान 8 तास सोसतो असं धरतात आणि त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ अर्धा, 100 ला फक्त 15 मिनिटं, आणि मोठ्या स्पीकरसमोर 100 सहज होतात. फोमचे इअरप्लग घ्या, संगीत थोडं चादरीतून आल्यासारखं लागेल, ते नको असेल तर संगीतवाल्यांसाठीचे वेगळे मिळतात, महाग पण सूर तसेच ठेवून आवाज कमी करणारे. स्पीकरच्या तोंडासमोर उभं राहू नका. शिट्टी दोन दिवसांनीही थांबली नाही तर कानाचे डॉक्टर, हे टाळू नका.

प्रश्न : मी निवृत्त बँक कर्मचारी, वय 67. नात स्टेडियममधल्या कॉन्सर्टला चला म्हणतेय. मला त्यातलं एक गाणं येत नाही आणि गुडघे दुखतात. जाऊ का?

जा काका. जानेवारी 2025 ला अहमदाबादच्या मोदी स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे दोन कार्यक्रम झाले तेव्हा मी भाचीबरोबर गेले होते आणि मलाही दोनच गाणी येत होती, तीही धड नाही. आत जाताना मनगटावर एक पट्टा देतात, तो गाण्याबरोबर आपोआप लाल-निळा पेटतो, लाखभर मनगटं एकदम, आणि मी ही अशी हात वर करून, माझ्या हातात चालू-बंद करायचं काहीच नाही, तरी असं वाटत होतं की तो दिवा मीच लावतेय. भाची रडत होती. मी शेंगदाणे शोधत होते.

पण तयारीने जा. उभं राहायचं तिकीट अजिबात नको, खुर्चीचंच घ्या, जिना किती चढायचाय ते आधी विचारून. नेटवर्क बसतं, यूपीआय चालत नाही, म्हणून खिशात सुटे पैसे ठेवा आणि कार्यक्रमानंतर कुठल्या खांबाखाली भेटायचं ते नातीशी आधीच ठरवा. परतीची गाडी रात्रीचीच धरू नका, बाहेर पडायलाच दीड तास लागतो. आम्ही पहाटे बडोद्याला उतरलो तेव्हा माझ्या मनगटावर पट्ट्याचा वळ होता आणि स्टेशनबाहेरचा चहावाला विचारत होता, कुठलं लग्न होतं?

प्रश्न : मैफिलीत मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं तर चालेल का?

शास्त्रीयला कलाकाराला आधी विचारून, नाहीतर नको. स्टेडियममध्ये करा, कोणी अडवत नाही, फक्त माझ्या पुढे उभे राहून करू नका, माझी उंची पाच फूट आहे.