सहचर, साथीदार की सहआरोपी?

खानापूरच्या एका वाचकांची विचारणा आहे: 'खुनाच्या खटल्याच्या बातमीत "मुख्य आरोपीसह त्याच्या सहचरालाही फाशी" असे वाचले. इथे सहचर चालतो का? साथीदार हवा की सहआरोपी? आणि माणूस नुसता साथीदार असेल तर त्याला फाशी कशी?'

आधी सहचर. तो कन्नड बातमीतून आला, याबद्दल मला फारशी शंका नाही. गुन्हेगाराच्या टोळीतल्या माणसाला कन्नड वर्तमानपत्रे सर्रास 'सहचर' म्हणतात आणि तिकडे ते बरोबरच आहे. शब्द दोघांकडे संस्कृतातून आला, पण मराठीत त्याने वेगळा संसार थाटला. सहचारिणी म्हणजे बायको, सहचर म्हणजे जन्माचा जोडीदार. 'सहचरालाही फाशी' वाचून मराठी माणूस क्षणभर नवऱ्याला शोधू लागतो. बेळगाव-निपाणीकडे मूळ मजकूर बहुतेकदा कन्नडात हाती पडतो, अंक तर वेळेवर काढायचा असतो, मग ओळखीचा दिसणारा शब्द तसाच उचलला जातो. 'कुमक'ही असाच फसवा. आपल्याकडे कुमक फौजेची किंवा पोलिसांची, कन्नडातला 'कुम्मक्कु' मात्र वाईट कामाला दिलेली फूस. उद्या कुणी 'खुनाला कुमक दिली' असे छापले तर नवल वाटायला नको.

सहआरोपी हा खटला चालू असेपर्यंतचा शब्द. फाशी आरोपीला होत नाही, दोषी ठरलेल्याला होते. निकालानंतरही आपण आरोपी-आरोपी करत राहतो, ते चूकच. तसेच चौकाचौकात ऐकू येणारे 'ए-वन' आणि 'ए-टू', म्हणजे आरोपी क्रमांक एक आणि दोन. ए-वन म्हणजे मोठा गुन्हेगार आणि ए-फोर म्हणजे बिचारा, असा लोकांचा समज असतो. पण तो दोषारोपपत्रातला क्रम आहे. कुणाचा दोष किती, हे त्यावरून ठरत नाही.

आता साथीदार. मराठी म्हणून शब्द निर्दोष आहे. माझी तक्रार अशी की तो निरनिराळ्या प्रकारच्या माणसांना एकाच पोत्यात भरतो आणि तुमचा शेवटचा प्रश्न नेमका तिथूनच निघतो. पहिला माणूस संगनमतातला. फिर्यादीत 'संगनमत करून' असे शब्द येतात, तेव्हा पोलिसांच्या मनात बहुधा भारतीय दंड संहितेतले जुने कलम 34 असते. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम 3(5) झाले. सगळ्यांचा इरादा एक असेल आणि त्या इराद्यापायी कृत्य घडले असेल, तर ते प्रत्येकाने एकट्यानेच केले असे धरायचे, हा त्याचा गाभा. 1923 साली कलकत्त्याच्या शांकारीटोला पोस्टात पोस्टमास्तरांचा गोळ्या घालून खून झाला. बरेंद्रकुमार घोष याचे म्हणणे होते की मी बाहेर अंगणात उभा होतो, गोळी झाडलीच नाही. तरी तो खुनाचाच दोषी ठरला आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही, म्हणजे त्या काळच्या शेवटच्या अपील न्यायालयानेही, ते उचलून धरले.

दुसरा माणूस अपप्रेरणा देणारा. हा कायद्याच्या मराठी पुस्तकांतला शब्द, बोलीत आपण चिथावणी देणारा किंवा फूस लावणारा म्हणू. तिसरा कटातला. गांधीहत्येत गोळ्या नथुराम गोडसेने झाडल्या, पण 15 नोव्हेंबर 1949 रोजी अंबाल्याच्या तुरुंगात त्याच्याबरोबर नारायण आपटेही फासावर गेला. चौथा खुनानंतर उगवतो. प्रेत लपवतो, रक्ताचे कपडे जाळतो. आधीच्या बेतात नसेल तर हा खुनाचा दोषी ठरत नाही. पुरावा नष्ट करणे हा त्याचा वेगळा गुन्हा, आणि मूळ गुन्हा फाशीच्या शिक्षेचा असला तरी याला जास्तीत जास्त सात वर्षे. बातमीत हे चौघेही 'साथीदार'!

दोष सारखा म्हणून शिक्षाही सारखी, असे मात्र नाही. खुनाला जन्मठेप किंवा फाशी. 1980 च्या बच्चनसिंग निकालापासून फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात द्यायची आणि तीही गुन्ह्याबरोबर त्या त्या माणसाची परिस्थिती पाहून.

बेळगावकरांना यासाठी लांब जावे लागत नाही. 2013 च्या फेब्रुवारीत चंदनतस्कर विरप्पनच्या चार साथीदारांचे दयेचे अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळले. ते चौघे आपल्या हिंडलग्याच्या तुरुंगात होते. 1993 च्या पालारच्या सुरुंगस्फोटात 22 जण मेले, त्याचा हा खटला. म्हैसूरच्या टाडा (दहशतवादविरोधी कायद्याच्या) न्यायालयाने जन्मठेप दिली होती, सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या जानेवारीत ती वाढवून फाशी केली. विरप्पन त्या वेळी जंगलातच होता आणि ऑक्टोबरात चकमकीत मारला गेला. म्होरक्या कधी पिंजऱ्यात उभाच राहिला नाही, तरी हे चौघे कायद्याच्या लेखी कुणाच्या मागे उभे असलेले नव्हते, स्वतःच दोषी होते. पुढे 2014 च्या जानेवारीत, दयेच्या अर्जांना झालेल्या विलंबामुळे, त्यांची फाशी जन्मठेपेवर आली. त्यांची भूमिका दुय्यम होती म्हणून नव्हे.

जाता जाता 'फितूर'. माफीचा साक्षीदार आणि फितूर साक्षीदार यांत आपल्याकडे हमखास गल्लत होते. कोल्हापूरच्या गावित बहिणींच्या खटल्यात रेणुका शिंदेचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. म्हणजे तोही गुन्ह्यातलाच, पण सगळे खरे सांगण्याच्या अटीवर माफी मिळालेला. दोघी बहिणींना फाशी झाली (2022 साली मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली). तो फितूर नव्हे. फितूर म्हणजे सरकार पक्षाने बोलावलेला आणि पिंजऱ्यात उभा राहिल्यावर उलटलेला.

तेव्हा तुमच्या वाक्यातला सहचर काढा. निकालपत्रात काय म्हटले आहे ते बातमीदाराला ठाऊक असेल तर 'खुनाच्या कटातील दोघांना फाशी' किंवा 'दारात पहारा देणाऱ्यालाही फाशी' असे सरळ लिहावे. ठाऊक नसेल तर 'दोघा दोषींना फाशी' पुरे.