अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांसाठी निधी जमवायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की ऑफिसातले आणि सोसायटीतले काही जण मिळून अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांसाठी पैसे जमवायचं म्हणताय, तर ते कसे जमवावेत, कुणाकडे द्यावेत, आणि खरंच पोहोचतात का. आमच्या कंपनीत ध्वजदिन निधीचं काम मी बरीच वर्षं बघतोय. त्या अनुभवावरून लिहितो.

डबा फिरवण्याआधी पैसे नेमके कशाला हवेत ते ठरवा. हे मी सगळ्यात आधी सांगतोय, कारण नुसतं 'जवानांसाठी' म्हटलं की लोक शंभराची नोट टाकतात आणि संध्याकाळपर्यंत विसरतात. नेमकी गोष्ट सांगितली की थांबतात, प्रश्न विचारतात, पुढच्या वर्षी आठवण ठेवून स्वतःहून देतात.

पहिला प्रश्न हमखास येतो: 'त्यांना पेन्शन मिळते ना?' मिळते. सेवेमुळे अपंगत्व आलं तर डिसेबिलिटी पेन्शन, प्रत्यक्ष लढाईत किंवा कारवाईत आलं तर वॉर इंज्युरी पेन्शन, आणि औषधोपचाराला ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. घरखर्च त्यातून निघतो. अडतं ते दुसरीकडेच.

मणक्याला गोळी लागून कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाचं उदाहरण घ्या. एका जागी बसून कातडी दाबली जातेय हे त्याला कळत नाही. म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने खुर्चीच्या हातांवर भार देतो, अख्खं शरीर वर उचलून धरतो, मग पुन्हा टेकतो. दिवसभर हे चालू, आणि पंचविशीत जखमी झाला असेल तर पुढची चाळीस-पन्नास वर्षं. बसायची विशेष गादी चपटी झाली आणि वेळेत बदलली नाही तर जखम होते, आणि ती भरायला महिनोन्महिने पालथं पडून काढावे लागतात. ती गादी, हवेची मॅट्रेस, कॅथेटर, लघवीच्या पिशव्या या सगळ्या संपणाऱ्या वस्तू आहेत, पुन्हा पुन्हा लागणाऱ्या. देणगीदारांना मात्र व्हीलचेअर द्यायला आवडते, कारण तिच्या पाठीवर नाव रंगवता येतं. त्यातही दिली जाते ती दवाखान्यातली घडीची, सगळ्यांना एकाच मापाची. दिवसाचे बारा तास जो खुर्चीत काढणार त्याला त्याच्या अंगाच्या मापाची खुर्ची लागते. पाय गमावलेल्यांचंही तेच. कृत्रिम पाय एकदा बसवला की काम संपत नाही. उरलेल्या पायाचा आकार बदलत जातो, तो ज्यात बसतो ते सॉकेट सैल होतं, आतला मऊ लायनर झिजतो, घासून फोड येतात आणि माणूस पुन्हा कुबड्यांवर येतो.

एका निवृत्त नाईकांच्या घरी गेलो होतो. खुर्ची चांगली होती, पण घराला दोन पायऱ्या, आणि न्हाणीघराचं दार खुर्चीपेक्षा अरुंद. बाहेर पडायचं तर दोघांनी उचलायचं, त्यामुळे ते बाहेर पडणंच टाळायचे. आम्ही जमवलेल्या पैशांतून उताराचा रॅम्प झाला, दार रुंद केलं, कमोड आणि बाजूला धरायला स्टीलचा दांडा बसवला. गवंड्याचं आठवड्याचंही काम नव्हतं. आता ते रोज सकाळी पेपर आणायला स्वतः फाट्यावर जातात. मला विचाराल तर लहान गटासाठी यासारखं दुसरं काम नाही: खर्च आवाक्यातला, डोळ्यांना दिसणारा, आणि फरक रोजचा.

आता पैसे द्यायचे कुणाकडे. ओळखीचा माणूस किंवा नेमकं काम समोर नसेल तर सरळ सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला द्या. 7 डिसेंबर हा ध्वजदिन 1949 पासून पाळला जातो. 1993 मध्ये सैनिक कल्याणाचे वेगवेगळे निधी एकत्र करून हा निधी उभा राहिला. कारभार केंद्रीय सैनिक मंडळाकडे, आणि व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष संरक्षणमंत्री. खडकी आणि मोहालीच्या पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या जवानांच्या, पुनर्वसन केंद्रांना यातून अनुदान जातं. तुमच्या पातळीवर हे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय बघतं. तिथे पावती मिळते, छोटे ध्वज मिळतात, आणि आपल्या तालुक्यात कुणाला कशाची गरज आहे हे तिथल्या कल्याण संघटकाला बहुधा तोंडपाठ असतं. त्या माणसाशी बोलण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

संस्थेलाच द्यायचं असेल तर महाराष्ट्रात आपण सुदैवी आहोत. खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र 1974 पासून आहे. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांसाठी 1917 मध्ये सुरू झाली आणि आज खडकीतच अपंग जवानांना नव्या व्यवसायाचं शिक्षण देते. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर 1944 चं. पैसे देण्याआधी वेळ ठरवून एकदा जाऊन या, आणि काय हवंय ते त्यांनाच विचारा. खडकीत लष्कराचं पॅरालिंपिक केंद्रही आहे. 2002 मध्ये काश्मीरमध्ये भूसुरुंगाच्या स्फोटात पाय गमावलेले हवालदार होकाटो सेमा तिथेच घडले आणि 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत कांस्यपदक जिंकले. आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर तर 1965 च्या युद्धात जखमी होऊन 1972 मध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. अशा खेळाडूंची नावं पदकानंतर सगळ्यांना कळतात. सरावाची खुर्ची लागते ती त्याआधी.

दोन निधींत लोकांचा गोंधळ होतो. लष्कर, नौदल, हवाई दलाच्या कारवाईत शहीद किंवा गंभीर जखमी झालेल्यांसाठीचा निधी 'माँ भारती के सपूत' या संकेतस्थळावरून स्वीकारला जातो, ते ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालं. 'भारत के वीर' गृह मंत्रालयाचं आहे, सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांसाठी. दोन्ही खरे आहेत, पण कुणासाठी देताय ते आपल्या लोकांना स्पष्ट सांगा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या खाते क्रमांकावर एक रुपयाही टाकू नका. एप्रिल 2025 मध्ये अशा एका मेसेजबद्दल संरक्षण मंत्रालयाला खुलासा करावा लागला होता. त्यातला खाते क्रमांकही चुकीचा होता.

आणखी एका गटाकडे लक्ष वेधतो, कारण त्यांच्यासाठी कुणी डबा फिरवत नाही. एनडीए किंवा आयएमए या लष्करी अधिकारी घडवणाऱ्या संस्थांत प्रशिक्षण घेतानाच मणका मोडला, डोक्याला मार बसला आणि बोर्ड आउट झाले, म्हणजे वैद्यकीय कारणाने बाहेर पडावं लागलं, अशी मुलं. कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळालेलं नसल्याने त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळाला नाही, पेन्शनऐवजी सानुग्रह रक्कम मिळते. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हाती घेतला, त्यानंतर ईसीएचएसचं दार त्यांना उघडलं. विशी-बाविशीतल्या मुलाला आई-वडिलांनी सांभाळायचं आणि ते दमले की पुढे काय, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेल तर सुरुवात तिथूनच करा.

नियमांचं थोडक्यात. स्वतःच्या नावाने लोकांकडून वर्गणी गोळा करणार असाल तर महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 41 क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. ही दगदग नको असेल तर प्रत्येकाने थेट निधीच्या खात्यात भरावं आणि पावतीची प्रत तुमच्याकडे द्यावी. आम्ही तसंच करतो. देणगीवरची आयकर सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या रकमेवर मिळत नाही. कंपनीकडून सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, मागायचा असेल तर बिनधास्त मागा, माजी सैनिकांचं कल्याण कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे.

कार्यक्रमाबद्दल माझं मत ठाम आहे. हॉल, टी-शर्ट, ढोलताशा, पाहुण्यांचे हारतुरे यांत जमलेल्यातला मोठा वाटा जातो. मॅरेथॉन करायचीच असेल तर त्याचा खर्च आधी एखाद्या प्रायोजकाकडून वेगळा मिळवा. आणि कृपा करून कुणा जवानाला व्यासपीठावर खुर्चीत बसवून, मागे गाणं लावून लोकांच्या डोळ्यांत पाणी आणू नका. तो तिथे येणार असेल तर वक्ता म्हणून यावा, त्याच्या मनातलं बोलावं, आणि तिथे रॅम्प असावा.

एकदाच मोठी रक्कम जमवण्यापेक्षा पगारातून महिना शंभर रुपये कायमचे देणारी वीस माणसं शोधा. चकमकीची बातमी येते तेव्हा सगळेच द्यायला धावतात. गाद्या आणि कॅथेटर मात्र जूनमध्येही लागतात, एप्रिलमध्येही. दर तिमाहीला किती आले, कुठे गेले, काय घेतलं हे एका पानावर सगळ्यांना पाठवा, पावत्यांसकट.

7 डिसेंबर गाठायचा असेल तर नोव्हेंबर उजाडायची वाट बघू नका. डिसेंबर जवळ आला की सैनिक कल्याण कार्यालयावर शाळा, बँका आणि सरकारी कार्यालयांच्या संकलनाचा ताण असतो, मग निवांत बोलायला कुणाला वेळ नसतो. जाताना तुमच्या गटातले किती जण, महिन्याला साधारण किती देऊ शकतील आणि कुणाला गवंडीकाम, वेल्डिंग, फिजिओथेरपी येते, हे लिहून न्या.