नॅसवर फोटो लायब्ररी: डीएमजी, स्पार्स इमेज की स्पार्स बंडल?

तुमचा प्रश्न असा: मॅकवरची चारशे जीबीची फोटो लायब्ररी, गाणी आणि सिनेमे नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणयंत्रावर) हलवायचे आहेत, आणि त्यासाठी डिस्क इमेजचा, म्हणजे उघडली की मॅकला वेगळ्या डिस्कसारख्या दिसणाऱ्या फाइलचा, कोणता प्रकार घ्यावा.

सिनेमे आणि गाणी यातून आधीच बाजूला काढा. त्या सुट्या फाइली आहेत, त्यांना इमेजची गरजच नाही. साध्या फोल्डरांत ठेवल्यात तर प्लेक्स, जेलिफिन, कोडी ही मीडिया अ‍ॅप, टीव्ही, फोन सगळ्यांना त्या थेट दिसतील. इमेजमध्ये कोंडल्या, की मॅकने ती उघडल्याशिवाय कुणालाच काही दिसणार नाही. गाण्यांच्या बाबतीत म्युझिक अ‍ॅपची लायब्ररी फाइल मॅकवरच राहू द्या, फक्त मीडिया फोल्डर नॅसवर न्या.

फोटो लायब्ररीचं तसं नाही. ती एक फाइल दिसते, पण तिच्या पोटात हजारो फाइली आणि त्यांच्या नोंदी ठेवणारा एक एसक्यूलाइट डेटाबेस असतो. नेटवर्क शेअरवर (नॅसच्या सामायिक फोल्डरवर) फाइल लॉकिंगचा, म्हणजे एका वेळी एकानेच लिहावं म्हणून फाइल अडवण्याचा, भरवसा नसतो आणि डेटाबेसची सगळी भिस्त त्या लॉकिंगवरच असते. म्हणूनच अशी लायब्ररी नेटवर्कवर ठेवू नका, असं अ‍ॅपल सांगतं. डिस्क इमेजमुळे अडचणीचा एक भाग सुटतो: लायब्ररीला आपण मॅकच्या एपीएफएस (अ‍ॅपलची फाइल सिस्टिम) डिस्कवर आहोत असंच दिसतं, लॉकिंग मॅकच सांभाळतो. पण लिहिता लिहिता नेटवर्क तुटलं तर इमेज तुम्हाला वाचवत नाही. रोज वापरात असलेली लायब्ररी केबलने जोडलेल्या एसएसडीवर ठेवा आणि जुन्या वर्षांची वेगळी लायब्ररी करून ती इमेजमध्ये टाका, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचं सगळं त्या जुन्या लायब्ररीबद्दल.

वाचता-लिहिता येणारी साधी डीएमजी ठरवलेली सगळी जागा पहिल्याच दिवशी अडवते. स्पार्स इमेज गरजेनुसार वाढते, पण असते एकच फाइल. एका फोटोचं शीर्षक बदललं तरी नॅसच्या फाइलवार बॅकअपला ती अख्खी फाइल बदललेली दिसते आणि चारशे जीबीची कॉपी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. स्पार्स बंडल म्हणजे प्रत्यक्षात एक फोल्डर. २००७ सालच्या मॅक ओएस लेपर्डपासून हा प्रकार आहे आणि नेटवर्कवरची टाइम मशीन (मॅकची बॅकअपची सोय) तोच वापरते. फाइंडरमध्ये राइट क्लिक करून आतला मजकूर उघडा, 'बँड्स' नावाचं फोल्डर दिसेल आणि त्यात मूळ मापाने ८ एमबीचे तुकडे, म्हणजेच बँड. शीर्षक बदललं तर त्यातले मोजकेच तुकडे बदलतात आणि बॅकअप तेवढेच उचलतो. म्हणून स्पार्स बंडलच घ्या. मॅकओएस टाहोमध्ये आलेला एएसआयएफ हा डिस्क इमेजचा नवा प्रकार वेगवान आहे, पण तीही एकच फाइल, त्यामुळे या कामाला मी तो घेणार नाही.

मात्र ८ एमबीचं माप मोठ्या लायब्ररीला लहान पडतं. पाचशे जीबी भरले की एकाच फोल्डरात जवळपास ६०,००० फाइली होतात आणि फिरत्या डिस्कांचा नॅस त्यांची यादी काढतानाच दमतो. डिस्क युटिलिटीत हे माप बदलायची सोय नाही. टर्मिनलमध्ये एचडीआययूटिल या आज्ञेने बंडल बनवताना बँडचं माप ५१२ बाइटच्या सेक्टरांत द्यावं लागतं. २,६२,१४४ सेक्टर दिले की १२८ एमबीचा बँड होतो आणि तेवढ्याच लायब्ररीला चार हजारांच्या आत फाइली पुरतात. त्याहून मोठं माप घेऊ नका, नाहीतर बॅकअपचा फायदाच हातचा जाईल.

कमाल आकार नॅसवर खरोखर मोकळ्या असलेल्या जागेपेक्षा कमीच ठेवा. दोन टीबीची इमेज बनवली आणि नॅसवर उरलेत सहाशे जीबी, तर मॅकला आत जागा दिसत राहते आणि एक दिवस मध्येच लिहिणं फसतं. आकार नंतर वाढवता येतो. आतले फोटो पुसल्यावर बंडल आपोआप आकसत नाही, त्यासाठी एचडीआययूटिलची कॉम्पॅक्ट आज्ञा वेगळी चालवावी लागते. आतली फाइल सिस्टिम एपीएफएस ठेवा. २०१७ च्या मॅकओएस हाय सिएराआधीची सिस्टिम असलेला मॅक वापरात असेल तरच जुनी मॅक ओएस एक्स्टेंडेड.

आता वापराबद्दल, कारण मी इथेच पोळलो आहे. वाय-फायवरून सुमारे तीनशे फोटो आत घेत होतो आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं. परत उघडलं तेव्हा इमेज गायब झाली होती. पुन्हा जोडल्यावर लायब्ररी दुरुस्ती मागू लागली. दुरुस्ती रात्रभर चालली, आणि शेवटी मूळ फोटो सापडले तरी माझे हाताने केलेले दोन अल्बम गेले ते गेलेच. तेव्हापासून लिहायचं असेल तेव्हा इथरनेट केबल लावतो आणि काम झालं की आधी फोटोज बंद, मग इमेज इजेक्ट, मग नॅसचा शेअर. ही लायब्ररी 'सिस्टिम फोटो लायब्ररी' (आयक्लाउड आणि इतर अ‍ॅप वापरतात ती मुख्य लायब्ररी) करू नका. केलीत तर मागे चालणारी कामं तिला सोडत नाहीत आणि इजेक्ट करताना डिस्क वापरात असल्याचा संदेश येतो. दोन मॅकवरून एकाच वेळी लिहायला उघडायची तर कधीच नाही.

बॅकअप किंवा स्नॅपशॉट (नॅसने टिपलेली त्या क्षणाची स्थिती) इमेज इजेक्ट केल्यावरच घ्या. उघड्या इमेजची कॉपी घेतली तर काही बँड आधीचे आणि काही नंतरचे येतात, आणि अशी कॉपी उघडेलच असं नाही.

लायब्ररी आत नेलीत की मॅकवरची मूळ लगेच पुसू नका. इमेज इजेक्ट करा, दुसऱ्या मॅकवर जोडा, डिस्क युटिलिटीतलं फर्स्ट एड चालवा, फोटोंची आणि व्हिडिओंची संख्या ताडून पाहा. मग बॅकअपमधलं बंडल वेगळ्या जागी काढून तेही उघडून बघा. ते नीट उघडलं की मूळ पुसा.